चिलटे, नाणी आणि १९६२ : कुलाब्यात मेंदूविज्ञान कसे रुजले

१/ चैत्रात आमच्या चिमूरकडे पहाटे वेचलेली मोहफुले अंगणात वाळत घातली जातात. एखादा ढीग ओलसरच झाकून राहिला, की दोन दिवसांत त्याला आंबूस वास सुटतो आणि कुठून कोण जाणे, चिलटांचे थवे जमा होतात. इवलेसे चिलट हा वास ओळखते कसे? या एका प्रश्नाच्या मागे लागून मुंबईत, समुद्राकाठच्या एका संस्थेत, काही माणसांनी आपली उमेदीची वर्षे घालवली. गंमत अशी की त्यांच्यापैकी फारच थोडे मूळचे मेंदूचे अभ्यासक होते. आजचा धागा त्यांच्याविषयी आहे. आणि ज्याला त्याच संस्थेतून बाहेर पडावे लागले, अशा एका इतिहासकाराविषयीही.

२/ मागचा धागा १६ ऑगस्ट १९४२ च्या चिमूर क्रांतीवर होता. तेथून थेट मेंदूविज्ञानाकडे उडी कशासाठी, असे काहींना वाटेल. कारण सांगतो. आमच्या तालुक्यात हिरापूर येथे महापाषाणयुगीन शिळास्मारके आहेत. लघुप्रबंधासाठी मी त्यांची मोजमापे घेतली. आकडे वहीत जमले, पण त्यांचे करायचे काय हे समजेना. म्हणून एका महाविद्यालयात (नाव घेण्याचे कारण नाही) संख्याशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्यावे, अशी विनंती केली. उत्तर आले, “तुमची शाखा कला. तुम्हाला हे कशाला हवे?” त्या दिवशी घरी येऊन मी दामोदर धर्मानंद कोसंबी पुन्हा वाचायला घेतले, आणि वाचता वाचता कुलाब्याच्या चिलटांपर्यंत पोहोचलो.

३/ आधी विषयाची अडचण समजून घेऊ. मेंदू ही कोणत्याही एका शास्त्राची मालमत्ता नाही. चेतातंतूतून संदेश जातो तो विजेच्या रूपाने, म्हणजे तेथे भौतिकशास्त्र आले. एका पेशीकडून दुसरीकडे तो पोहोचतो रसायनांच्या द्वारे. ही यंत्रणा बांधण्याची कृती जनुकांत लिहिलेली असते, आणि या सगळ्याचा परिणाम दिसतो तो प्राण्याच्या वागण्यात. चौघांनी चार खोल्यांत बसून हा प्रश्न सुटत नाही. त्यांनी एकमेकांच्या खोलीत जावे लागते. त्याहून अवघड म्हणजे, तेथे गेल्यावर स्वतःचे अज्ञान कबूल करावे लागते. परिसंवाद भरवून हे साधते, असा आपल्याकडे एक भाबडा समज आहे. इतिहास निराळे सांगतो.

४/ १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षअखेरीस मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ या बंगल्यात आली. तेथून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. आणि नेहरूंनी १९५४ मध्ये कोनशिला बसवलेल्या कुलाब्याच्या इमारतीचे उद्घाटन झाले १९६२ च्या जानेवारीत. हे १९६२ साल लक्षात ठेवा. या धाग्यात ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

५/ भाभा विश्वकिरणांचे अभ्यासक, उत्तम चित्रकार, पाश्चात्त्य संगीताचे दर्दी. संस्थेच्या भिंतींवर त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रे लावली. प्रवेशदालनातील हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आजही तेथे आहे. संशोधकांच्या नेमणुकांबाबत त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी विभाग, मग खुर्ची, मग खुर्चीत बसायला माणूस, हा सरकारी क्रम त्यांना मान्य नव्हता. आधी माणूस शोधायचा आणि त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. रेडिओ खगोलशास्त्र गोविंद स्वरूप यांच्याभोवती असेच उभे राहिले.

६/ दुसरी गोष्ट बुधवारची. दर बुधवारी दुपारी संस्थेत एक व्याख्यान होत असे आणि अजूनही होते. आपल्या विषयाबाहेरच्या श्रोत्यांना समजेल असे बोलायचे, ही त्यामागची अपेक्षा. गणिती, भौतिकशास्त्रज्ञ, संगणक बांधणारे अभियंते, सगळे एकाच सभागृहात. भाभा स्वतः येऊन बसत. संचालकच हजर असल्यावर ‘हा माझा विषय नव्हे’ म्हणून बाहेर फिरणे कुणालाही सोपे नसणार! विनोद बाजूला ठेवू. पण ज्याने आपले संशोधन दुसऱ्या शास्त्राच्या जाणकारापुढे तासभर मांडून पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की निम्म्या चुका बोलता बोलताच सापडतात.

७/ आता कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्म; वडील धर्मानंद हे बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेतली, मग बनारस आणि अलीगढ येथे अध्यापन केले, आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात बारा-तेरा वर्षे गणित शिकवले. १९४६ मध्ये ते भाभांच्या संस्थेत दाखल झाले. बिऱ्हाड मात्र पुण्यातच राहिले. डेक्कन क्वीनने जाणे-येणे होई आणि गाडीतही वाचन-लेखन चाले.

८/ आपण त्यांना ओळखतो ते इतिहासकार म्हणून. ‘ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ हा ग्रंथ १९५६ चा. परंतु ते इतिहासाकडे आले कसे, हे फारसे सांगितले जात नाही. संख्याशास्त्राचा सराव करायला त्यांना एखादा खराखुरा प्रश्न हवा होता. त्यांनी तक्षशिलेची आहत नाणी घेतली आणि तराजू समोर मांडला. नाणे चलनात फिरले की झिजते. जितके अधिक फिरले, तितके अधिक हलके. शिवाय तपासणाऱ्यांनी मागच्या बाजूला उमटवलेले ठसेही काळानुसार वाढत जातात. हजारो नाणी वजन करून त्यांनी या दोहोंचा संबंध लावला आणि मूक नाण्यांना क्रम दिला. मग ही नाणी कोणत्या राजांची, हा प्रश्न आला. राजांसाठी संस्कृत साधने आली. साधनांतून समाज आला. एका तराजूने गणितज्ञाला इतिहासात ओढून नेले.

९/ याच माणसाने जाता जाता जनुकशास्त्रालाही एक सूत्र दिले. १९४४ च्या सुमारास, फर्ग्युसनमध्ये असताना, ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’ या नियतकालिकात त्यांचा अवघ्या चार पानांचा एक लेख आला. विषय होता, गुणसूत्रावरील दोन जनुकांमधले अंतर कसे मोजावे.

१०/ सूत्र सोपे करून सांगतो. मणी ओवलेले दोन दोरे शेजारी ठेवले आहेत अशी कल्पना करा. दोन्ही दोरे एका ठिकाणी तुटतात आणि त्यांची टोके अदलाबदल होऊन पुन्हा जुळतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांचे असेच होते. एका दोऱ्यावरचे दोन मणी जितके दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. म्हणून ताटातुटीच्या प्रमाणावरून अंतर काढता येते. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने याच युक्तीने जनुकांचा जगातील पहिला नकाशा काढला. प्राणी कोणता? आपलेच चिलट, म्हणजे फळमाशी.

११/ अडचण अशी, की दोन मण्यांच्या मध्ये दोरा दोनदा तुटला तर ते पुन्हा एकाच दोऱ्यावर येतात, तुटणे मोजणीत येत नाही आणि अंतर कमी भरते. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले. त्यात प्रत्येक तुटणे स्वतंत्र मानले होते. प्रत्यक्षात एका जागी दोरा तुटला की लगतच्या भागात तो पुन्हा तुटण्याची शक्यता घटते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. प्रयोगात ताटातूट २० टक्के दिसली, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटीमॉर्गन येते, कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. अनेक सजीवांत दुसरे उत्तर वास्तवाच्या अधिक जवळ जाते.

१२/ म्हणजे १९४६ पासून भाभांच्या संस्थेत असा एक माणूस होता, की ज्याच्या एकट्याच्या डोक्यात गणित, जनुकशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत आणि पुण्याच्या परिसरातील डोंगरवाटा एकत्र नांदत होत्या. विद्याशाखांतील संवाद याहून जवळ कुठे सापडणार?

१३/ पण १९५० च्या दशकात भाभा आणि कोसंबी यांचे संबंध ताणले गेले. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत होते आणि भारताने अणुऊर्जेपेक्षा सूर्यशक्तीकडे वळावे, असे जाहीरपणे मांडत होते; भाभा तर देशाच्या अणुकार्यक्रमाचे शिल्पकार. त्यात कोसंबींनी रीमान गृहीतकासारख्या गणितातील दुर्घट प्रश्नावर केलेला दावा जाणकारांना पटला नाही आणि गणिती म्हणून त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. अखेर त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. साल १९६२.

१४/ त्याच वर्षी त्यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ प्रकाशित झाले आणि पुढच्याच वर्षी भारतविद्येतील संयुक्त पद्धतींविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध. केवळ ग्रंथांवर विसंबू नका, पुरातत्त्व, भाषा, लोकाचार आणि प्रत्यक्ष पायी हिंडणे यांची सांगड घाला, असे ते सांगत होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज आपण ‘आंतरविद्याशाखीय’ हा लांबलचक शब्द वापरतो, तिची मांडणी तिच्या कर्त्याने संस्था सुटल्यावर केली. मला भाभांविषयी आदर आहे आणि या प्रकरणात कोसंबींचा स्वभावही सौम्य नव्हता, हे मान्य आहे. तरीही हा प्रसंग वाचताना मन खट्टू होते.

१५/ आणि तरीही! त्याच १९६२ मध्ये त्याच संस्थेचे दुसरे दार उघडले. भाभांनी एका तिशीतल्या जीवशास्त्रज्ञाला बोलावून रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू करायला सांगितले. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या संस्थेत जीवशास्त्र! त्या तरुणाचे नाव ओबेद सिद्दीकी.

१६/ सिद्दीकींचा जन्म १९३२ चा, उत्तर प्रदेशातील बस्तीचा. शिक्षण अलीगढला, वनस्पतिशास्त्रात. (तीसच्या दशकाच्या आरंभी कोसंबी याच विद्यापीठात गणित शिकवत होते. योगायोगच, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे योगायोग टिपल्यावाचून राहवत नाही.) पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ते गव्हावर काम करत असताना गारपीट झाली आणि प्रयोगाचे पीक झोपले. गारपीट म्हणजे काय हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. सिद्दीकींनी शेत सोडले आणि ते सूक्ष्मजीवांकडे वळले. ग्लासगोत पोन्तेकोर्वो यांच्याकडे बुरशीच्या जनुकांवर डॉक्टरेट, मग अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्यासह जीवाणूंवर काम. जनुकाचा संदेश मध्येच तुटतो अशी काही उत्परिवर्तने असतात. त्यांच्यावर मात करणाऱ्या ‘शामक’ जनुकांविषयीचा या दोघांचा १९६२ चा शोध जनुकीय लिपीतील ‘पूर्णविराम’ ओळखण्याच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

१७/ सिद्दीकींचे नाव भाभांपर्यंत पोहोचवले लिओ झिलार्ड यांनी. अणुविखंडनाच्या साखळी-प्रक्रियेची कल्पना प्रथम सुचलेले, आइनस्टाइन यांच्या सहीचे १९३९ चे पत्र रूझवेल्टना धाडण्यात पुढाकार घेणारे हे भौतिकशास्त्रज्ञ. महायुद्धानंतर ते जीवशास्त्राकडे वळले होते. एका शास्त्राची वेस ओलांडून आलेल्याने दुसऱ्याची शिफारस एका भौतिकशास्त्रज्ञाकडे केली आणि त्याने ती मानली. हे कोणत्याही जाहिरातीतून घडले नसते.

१८/ पहिली काही वर्षे गट जीवाणूंवरच काम करत होता. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँच्या विमान अपघातात भाभा गेले. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात कोसंबींचेही निधन झाले. एम. जी. के. मेनन संचालक झाले. संस्थापकाच्या पाठोपाठ त्याने लावलेले रोपटे सुकते, असा आपला नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही.

१९/ सत्तरच्या दशकाच्या आरंभी सिद्दीकी कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत गेले. बेन्झर यांची डॉक्टरेट अर्धवाहकांतील भौतिकशास्त्राची. मग ते विषाणूंच्या जनुकांकडे वळले आणि साठच्या दशकात फळमाशीच्या वर्तनाकडे. एका जनुकात बिघाड केला तर वागणे बदलते का, हा त्यांचा प्रश्न. त्या काळी वर्तनासारखी गुंतागुंतीची गोष्ट एकेका जनुकाच्या वाटेने उलगडेल, यावर फार जणांचा विश्वास नव्हता.

२०/ सिद्दीकींनी तेथे निवडल्या त्या लुळ्या पडणाऱ्या माश्या. अशी पहिली माशी कॅनडात डेव्हिड सुझुकी यांच्या प्रयोगशाळेने १९७१ मध्ये दाखवली होती. २२ अंशांना ती सर्वसाधारण माशीसारखी हिंडते. काचेची नळी कोमट पाण्यात धरून तापमान २९ अंशांवर नेले की क्षणात कोसळते. गार केले की उठून चालू लागते. जणू चेतासंस्थेला बटन बसवले आहे. प्रयोगाला लागते काय? नळी, पाणी, तापमापक. आपल्या गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही हे असते.

२१/ पण माशी पडते का, हे पाहायला सूक्ष्म इलेक्ट्रोड लागतात आणि ते वापरणारा हात लागतो. सिद्दीकी आणि बेन्झर यांनी माश्यांच्या चेतातंतूंत व स्नायूंत विजेचे संदेश मोजले आणि तापमान वाढताच संदेश नेमका कोठे अडतो, याचा माग काढला. या कामात त्यांना एक नवे उत्परिवर्तन मिळाले. ३८ अंशांच्या आसपास माशी बेशुद्ध झाल्यासारखी पडते आणि गार झाल्यावर सावकाश भानावर येते. नाव ठेवले ‘कोमाटोज’. हा शोधनिबंध १९७६ चा.

२२/ पुढे काय झाले? सुझुकींच्या माशीतील बिघडलेले जनुक चेतातंतूतील सोडियमच्या दाराचे निघाले. विजेचा संदेश या दारांच्या उघडझापीवर चालतो. ‘कोमाटोज’ जनुक निघाले एनएसएफ नावाच्या प्रथिनाचे. एका चेतापेशीतून दुसरीकडे रसायन पोहोचवणाऱ्या पुटिकांच्या कारभारात ते आवश्यक असते. पुटिकांच्या वाहतुकीवरील कामासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले. एनएसएफ वेगळे काढणारे रॉथमनच. लुळ्या चिलटापासून सुरू झालेली वाट आणि पेशींचे रसायनशास्त्र अशी एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाली.

२३/ कुलाब्यात परतल्यावर सिद्दीकींनी चव आणि वास हे विषय घेतले. येथे या गोष्टीतील मला सर्वांत जवळची वाटणारी व्यक्ती येते : व्हेरोनिका रॉड्रिग्ज. गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी १९५३ साली केनियात जन्म. कंपालाच्या मेकेरेरे विद्यापीठात शिक्षण सुरू झाले, मग डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज. तेथून त्या युरोप-अमेरिकेत स्थिरावू शकल्या असत्या. पण सिद्दीकींचे काम वाचून त्यांनी मुंबई गाठली. शिकलेला विषय सूक्ष्मजीवशास्त्र. हाती आल्या माश्या.

२४/ प्रयोग साधे होते. वाय-आकाराच्या नळीच्या एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. माश्या कोठे वळतात ते मोजायचे. साखरेला आणि क्विनीनच्या कडूपणाला माश्या कसा प्रतिसाद देतात ते पाहायचे. हजारो माश्यांतून वास न कळणाऱ्या, चव न कळणाऱ्या वेगळ्या काढायच्या आणि बिघाड गुणसूत्रावर कोठे आहे, हे शोधायचे. (म्हणजे पुन्हा ते दोरे, ते मणी आणि ताटातुटीचा हिशेब.) रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी यांचा या विषयावरील निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात. वास ग्रहण करणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब बक आणि ॲक्सेल यांना उंदीरवर्गीय प्राण्यात सापडले १९९१ मध्ये, आणि त्यांना नोबेल मिळाले २००४ मध्ये. कुलाब्याचा प्रश्न त्याआधीचा आहे, एवढेच मला नोंदवायचे आहे. आम्हीच पहिले, अशी आरोळी ठोकायची नाही.

२५/ रॉड्रिग्ज पुढे जर्मनीत ट्युबिंगेनला गेल्या. तेथे जैविक सायबरनेटिक्सची संस्था होती. माशी उडताना कसे पाहते, याचे गणित मांडणारे लोक. त्यांच्या सहवासात रॉड्रिग्ज यांनी, वास घेताना माशीच्या मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे पाहण्याचे तंत्र हाताळले आणि निरनिराळ्या वासांसाठी निरनिराळे ठिपके सक्रिय होतात, हे दाखवले. त्या कुलाब्यात परतल्या, विभागप्रमुख झाल्या आणि त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. कर्करोगाने २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. गोव्याच्या या लेकीविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही.

२६/ गटातील इतर माणसेही पाहण्यासारखी. पी. बाबू सैद्धांतिक भौतिकशास्त्रातून आले आणि केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांनी प्रसिद्धीस आणलेल्या एका सूक्ष्म कृमीच्या जनुकशास्त्रात शिरले. के. विजयराघवन यांची पहिली पदवी कानपूरच्या आयआयटीतील रासायनिक अभियांत्रिकीची. त्यांनी डॉक्टरेट कुलाब्यातून केली, आणि पुढे ते भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले. पूर्वीची पदवी कोणती, यापेक्षा आता प्रश्न कोणता, याला तेथे वजन होते. मला नाकारलेला तो मागचा बाक येथे आठवतो.

२७/ आणि महाबळेश्वर! १९७५ पासून सिद्दीकींच्या पुढाकाराने ‘आधुनिक जीवशास्त्रावरील महाबळेश्वर परिसंवाद’ सुरू झाले. मुंबईच्या गडबडीपासून दूर, मोजकी माणसे, देशोदेशींचे संशोधक आणि त्यांच्या बरोबरीने आपले तरुण विद्यार्थी. पुढे हे परिसंवाद इतर ठिकाणीही भरले, पण नाव महाबळेश्वरचेच राहिले. वर मी परिसंवादांना भाबडेपणा म्हटले; हा त्याला अपवाद, आणि अपवादाचे कारणही स्पष्ट आहे. येथे आलेले लोक आधीपासून एकाच प्रश्नाला निरनिराळ्या बाजूंनी भिडत होते. डोंगरावर संध्याकाळी सोबत चालणे, एका मेजावर जेवणे, ज्यांचे निबंध वाचले त्यांना पोरासोरांनी थेट प्रश्न विचारणे, हे व्यासपीठावरून घडत नाही.

२८/ डिसेंबर १९७९ मध्ये फळमाशीची वाढ आणि वर्तन या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदच संस्थेत भरली. १९८० मध्ये निघालेल्या तिच्या ग्रंथाचे संपादक होते सिद्दीकी, बाबू, लिंडा हॉल आणि जेफ्री हॉल. शरीरातील घड्याळाच्या जनुकांवरील कामासाठी २०१७ चे नोबेल मिळालेल्यांतले हॉल ते हेच. त्या संपादकांत कुलाब्याचे दोघे, आणि त्या दोघांपैकी एक मूळचा भौतिकशास्त्रज्ञ.

२९/ केवळ कौतुक केले तर हा इतिहास होणार नाही. कुलाब्याची संस्था लष्करी छावणीच्या टोकाला, फाटकावर पहारा, आतला व्यवहार इंग्रजीत. भिन्न शास्त्रांचे लोक तेथे एकमेकांशी बोलत होते, बाहेरच्यांना मात्र आत डोकावणे कठीण. त्याच काळात त्याच शहरात, भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, नोशीर वाडिया रुग्ण तपासत होते. डोळ्यांची हालचाल मंदावणारा आनुवंशिक तोल-विकार त्यांनी १९७१ मध्ये वर्णन केला. तेथेच दाराब दस्तूर चेतासंस्थेच्या विकृतींचा, विशेषतः कुष्ठरोगात नसांचे काय होते याचा, सूक्ष्मदर्शकातून अभ्यास करत होते.

३०/ कुष्ठरोगाचा उल्लेख मुद्दाम केला. आमच्या जिल्ह्यात चेतासंस्था हा शब्द ठाऊक नसलेल्या माणसालाही तिचा रोग ठाऊक आहे. बधिर बोटे, चुलीवर भाजल्याचे न कळणारा हात. चिमूरहून जवळच वरोऱ्याला बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, ती याच माणसांसाठी. आनंदवनातील बोट, भायखळ्याचा सूक्ष्मदर्शक आणि कुलाब्याची माशी ही एकाच विषयाची तीन टोके. माझ्या मते त्यांच्यात असायला हवे होते तेवढे येणे-जाणे नव्हते. प्रयोगशाळांमधल्या भिंती पडल्या तरी प्रयोगशाळा आणि दवाखाना यांच्यातली भिंत बरीच जाड असते.

३१/ जागेची अडचण वाढत गेली आणि जीवशास्त्राला कुलाबा अपुरे पडू लागले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी सिद्दीकींच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र उभे राहिले. गारपिटीने गव्हाच्या शेतातून हुसकावलेला माणूस कृषी विद्यापीठाच्या आवारात परतला, पण चिलटे घेऊन! निवृत्तीनंतरही ते प्रयोगशाळेत येत राहिले. २६ जुलै २०१३ रोजी, रस्त्यावरील अपघातानंतर, त्यांचे निधन झाले. रॉथमन आणि सहकाऱ्यांचे नोबेल जाहीर झाले ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. कुलाब्यात मेंदूचे संशोधन चालूच आहे; भावनांच्या चेतामंडलांवर काम करणाऱ्या विदिता वैद्य तेथल्याच.

३२/ आणि कोसंबी? १९६२ नंतर ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी मानद संशोधक म्हणून जोडले गेले होते. जेथून त्यांना जावे लागले, तेथे पुढे जनुकांचे नकाशे काढणे हे रोजचे काम झाले. आज गहू असो, तांदूळ असो वा माशी, जनुकांचा नकाशा काढायला बसलेला विद्यार्थी संगणकाची आज्ञावली उघडतो तेव्हा अंतर मोजण्याच्या पर्यायांत त्याच्यापुढे सहसा दोन नावे येतात : हाल्डेन आणि कोसंबी. मागे एका कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मित्राला विचारले, तू कोणते निवडतोस? म्हणाला, “कोसंबी. सगळेच तेच निवडतात.” हे कोसंबी कोण, असे विचारल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “कोणी जपानी शास्त्रज्ञ असावेत.”

३३/ त्याच मित्राने मग मला तीन रविवार संख्याशास्त्र शिकवले. बदल्यात मी त्याला नाण्यांची गोष्ट सांगितली. हिरापूरच्या शिळांचे आकडे आता थोडे बोलू लागले आहेत. पुढचा धागा त्यांच्यावर.